घाट उतरताना

मी इतिहास शिकवतो. गाडीच्या ब्रेकशी माझा संबंध एवढाच, की एकदा तो लागला नाही.

चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कऱ्हाडहून जुन्या पुस्तकांची एक खेप आणायची होती. आमचे गाव चिपळूणच्या बाजूला, तेव्हा वाट कुंभार्ली घाटाची. भाड्याचा टेंपो ठरवला, मागे पुस्तकांची खोकी भरली आणि मी चालकाशेजारी बसलो. चालक साठीच्या आसपासचे, घाटात जन्म काढलेले. मी त्यांना मामा म्हणत होतो, ते मला मास्तर. घाटमाथा ओलांडून दोनचार वळणे झाली असतील नसतील, तोच इंजिनाचा आवाज थांबला. नुसता वारा आणि रस्त्यावर टायरांची घसघस.

"मामा, गाडी बंद पडली काय?"

"पडली नाही मास्तर, केली. उतारच आहे पुढं. फुकट डिझेल कशाला जाळायचं?"

मला त्यांच्या काटकसरीचे कौतुकच वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिली दोन वळणे मामांनी ब्रेकवर काढली. तिसऱ्याला पॅडल दगडासारखे घट्ट झाले. मामा त्यावर दोन्ही पाय रोवून सीटवरून अर्धे उठले. गाडी थोडी मंदावली, पण थांबेना. मग चाकांतून जळका वास येऊ लागला, आणि त्यानंतर पॅडल दाबले काय नि न दाबले काय, सारखेच झाले. पुढच्या वळणावर डोंगराच्या अंगाला खडीचा ढीग होता. मामांनी टेंपो त्यात घातला. खोकी फुटली, काच गेली, माझ्या कपाळाला चार टाके पडले. ढिगापलीकडून एसटी चढत येत होती. ती आमच्या बाजूने हळूच निघून गेली, आणि तिच्या खिडकीतून एक लहान मूल आमच्याकडे पाहून हात हलवत होते.

संध्याकाळी घाटाखालून एक तरुण मिस्त्री आला. त्याने चाक उघडले, बॅटरीच्या उजेडात आत पाहिले आणि म्हणाला, "काका, ब्रेक गेला नव्हता. तुम्हीच त्याचा जीव काढून घेतलात." त्या रात्री त्याने जे दाखवले त्याचा अर्थ लावायला मला पुढे काही महिने वाचावे लागले. वाचता वाचता लक्षात आले, की त्या एका चाकात जे जे बिघडलेले होते, त्यातल्या प्रत्येक बिघाडामागे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा धडा आहे, आणि तो धडा बहुधा कोणाच्या तरी प्राणांवर बेतून शिकलेला आहे. आज सांगायचे ते तेच.

ब्रेक ही काही मोटारीबरोबर आलेली कल्पना नव्हे. उताराला आपला गाडीवान काय करतो? खाली उतरतो, जुवाला खांदा देतो, बैलांच्या मानेवर येणारा भार आपल्या अंगावर घेतो. काही गाड्यांना मागच्या बाजूस आडवे लाकूड असते. दोरी आवळली की ते चाकाच्या लोखंडी धावेवर घासते. युरोपातले घोडागाडीवालेही तेच करीत. डोंगराच्या उताराला ते एखादे चाक साखळीने बांधून टाकीत, नाही तर चाकाखाली लोखंडी खडावेसारखा तुकडा सरकवीत. मिस्त्री ज्याला ब्रेक-शू म्हणतो तो शब्द बुटाचाच आहे.

बुटाचे चामडेही खरोखरीच ब्रेकला लागले, आणि ते एका बाईने लावले. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. एवढा लांबचा प्रवास मोटारीने तोपर्यंत कोणी केला नव्हता. नवऱ्याला आधी सांगितलेही नव्हते म्हणतात. वाटेतल्या उतारांवर ब्रेकची लाकडे झिजत चालली, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण लायनर म्हणतो त्याचा उगम बहुतेक जण या प्रसंगाशी नेऊन भिडवतात. पुढे नऊ वर्षांनी, १८९७ साली, इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने गाडीवाल्यांना ब्रेकच्या लाकडावर जुन्या बुटांचे तुकडे ठोकताना पाहिले आणि लायनर बनवण्याचा धंदाच काढला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यात बायकोच्या नावातले पहिले अक्षर घातले आणि 'फेरोडो' हे नाव तयार केले. ते नाव आजही गॅरेजात ऐकू येते.

१९०८ च्या सुमारास फ्रूडने लायनरात ॲस्बेस्टॉस घालायला सुरुवात केली. उष्णता सोसण्यात त्याला तोड नव्हती. पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे वीसतीस वर्षांनी कर्करोग होतो, हे कळायला फार उशीर झाला. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी १९९९ साली घातली. जुन्या गाडीच्या लायनरात काय आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजात काम शिकणारी पोरे नेमकी फुंकतात. आपल्या ओळखीत असा कोणी मुलगा असेल तर त्याला एवढे जरूर सांगा.

आता उष्णता हा शब्द आलाच आहे तर त्याचा हिशेब करू. शिक्षकांनी हा नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडावा. धावती गाडी थांबली, तर तिची गती जाते कुठे? ती उष्णता होते. ब्रेक गाडी थांबवतो याचा अर्थ तो गाडीच्या गतीची उष्णता करून हवेत सोडतो. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. ही झाली सपाटीची गोष्ट. घाटात तर वेग वाढला नाही तरी उंची खर्ची पडत असते. भोर घाटातला, म्हणजे बोरघाटातला रेल्वेमार्ग १८३१ फूट चढतो, साधारण ५५० मीटर धरू. सोळा टनांचा भरलेला ट्रक एवढे खाली उतरला आणि सारा भार ब्रेकवरच टाकला, तर चाकांत जी उष्णता निर्माण होईल तिच्यात सुमारे तीनशे लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. दोनशे लिटरचे दीड पिंप! एवढी आग त्या ड्रममध्ये मावायची कशी?

ती मावत नाही. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. लायनरचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो. दाबणारा दाबतो, पण घासणारे घासत नाही. आमच्या टेंपोत जळका वास आल्यानंतर जे झाले ते हेच. मिस्त्रीने तो काळा, चकचकीत लायनर माझ्या हातात दिला तेव्हा रात्र झाली होती, तरी तो कोमट लागला. असा वास आला तर गाडी बाजूला घेऊन ती आपोआप थंड होऊ द्यावी. वरून पाणी ओतू नये. तापलेल्या ओतीव लोखंडाला पाण्याने तडा जातो.

ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरावा, हा नियम प्रत्येक जुना चालक सांगतो. त्याचे कारण हेच. खालच्या गिअरात गाडीच इंजिनाला फिरवते, आणि तो भार ब्रेकच्या वाटणीतून वजा होतो. मामांनी इंजिन बंद करून हा मदतनीस घालवला. आणखीही एक घालवला. आजच्या टेंपोत पॅडल आणि ब्रेक यांच्यामध्ये एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. डिझेल इंजिनावर चालणारा एक लहानसा पंप त्यातली हवा ओढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब आपल्या पायाला जोर देतो. इंजिन थांबले की पंप थांबला. डब्यात साठलेल्या जोरावर एकदोनदा पॅडल लागते, मग ते दगड होते. आमची पहिली दोन वळणे निभावली आणि तिसरे निभावले नाही, याचे गूढ ते एवढेच. शिवाय किल्ली फिरवून काढली तर कित्येक गाड्यांचे स्टिअरिंगही कुलूपबंद होते. मामांनी किल्ली काढली नव्हती, म्हणून तर मी आज बोलतो आहे.

पण यात इतिहास कोणता, असे कोणी म्हणेल. तो आता येतो, आणि तोही घाटातूनच.

मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाटातला रेल्वेमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी उघडला. पंचवीस बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना एक फूट चढ. जेम्स बर्कले हा त्याचा मुख्य अभियंता. सॉलोमन ट्रेडवेल या ठेकेदाराने काम हाती घेतले आणि तो लवकरच मरण पावला, तेव्हा त्याची विधवा ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. आणि हजारो मजूर पटकीने व अपघाताने दगावले. तो विषय वेगळ्या भाषणाचा आहे. आपल्याला पाहायचे आहे ते हे, की एवढ्या उतारावरून गाडी खाली आणायची, आणि त्या काळी साऱ्या गाडीला एकदम लागणारा ब्रेक रूढच झालेला नव्हता! इंजिनावर एक ब्रेक, आणि मधल्या काही डब्यांत बसलेली माणसे. इंजिनाची शिटी ऐकून त्यांनी हाताने चाक फिरवायचे आणि लाकडी ठोकळे आवळायचे. अमेरिकेत तर मालगाडीच्या टपांवरून बर्फापावसात ही माणसे एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत धावत.

खंडाळ्याजवळ चढ जमेना म्हणून बर्कलेने एक युक्ती केली होती. गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचे आणि उलट दिशेने पुढे जायचे. हे टोक कड्याच्या बाजूला होते. चढताना काही प्रश्न नव्हता. पण उतरणाऱ्या गाडीला तिथे थांबावेच लागे, कारण पुढे रूळच नव्हते. १८६९ साली उतरणारी मेल तिथे थांबली नाही. ब्रेक धरले नाहीत, आणि गाडी टोक फोडून पलीकडे गेली. माणसे दगावली. ते स्थानक पुढे साठ वर्षे, १९२९ मध्ये मार्ग बदलेपर्यंत, वापरात होते. मुंबई-पुणे प्रवासात आजही त्या कमानीचे अवशेष शोधणारे हौशी लोक भेटतात.

बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळघाटात आणखी एक व्यवस्था आहे, आणि मला ती फार आवडते. उतरणाऱ्या मार्गाला मधूनच एक फाटा फुटतो आणि तो डोंगरावर चढत जाऊन संपतो. रुळांचे काटे एरवी या फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे, म्हणजे मगच काटे फिरवून तिला खालची वाट मोकळी होते. जी थांबू शकली नाही, ती आपोआप फाट्यावर चढते आणि चढावरच थकून थांबते. ही योजना कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. गाडी बिघडलेलीच आहे असे ती गृहीत धरते, आणि बिघडलेली नाही हे गाडीने सिद्ध करायचे असते.

नेमका हाच विचार ब्रेकच्या आत नेला जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन तरुणाने. आल्प्स पर्वतातला बोगदा दाबलेल्या हवेच्या यंत्रांनी खोदत आहेत, असे त्याने एका मासिकात वाचले. हवा मैलभर लांब नळीतून जाऊन दगड फोडते, तर ती गाडीच्या शेवटच्या डब्याचा ब्रेकही लावू शकेल! १८६९ मध्ये, म्हणजे त्या खंडाळ्याच्या अपघाताच्याच वर्षी, त्याने पेटंट घेतले. त्याचे वय तेव्हा बावीस. इंजिनावर पंप, सगळ्या डब्यांखालून एक नळी. ड्रायव्हरने हवा सोडली की सर्व चाकांना एकदम ब्रेक. झकास योजना. पण तिच्यात एक खोट होती. नळी फुटली, किंवा गाडी मधूनच तुटली, तर ब्रेक कोणालाच नाही. आणि ब्रेकची गरज तर नेमकी तेव्हाच.

१८७२ च्या सुमारास वेस्टिंगहाउसने ही योजना उलटी केली. यंत्रांच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी मोठी उलथापालथ मला दुसरी ठाऊक नाही. प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी दिली, आणि नळीत हवेचा दाब नेहमी भरून ठेवला. दाब आहे तोवर चाके मोकळी. दाब उतरला, मग तो ड्रायव्हरने उतरवला असो की नळी फुटून उतरला असो, की डब्यातली टाकी आपली हवा सोडून चाके जखडते. गाडी मधूनच तुटली तर दोन्ही तुकडे आपापल्या जागी थांबतात. ब्रेक लावायला काही करावे लागत नाही. तो लागू नये म्हणून करावे लागते.

हे पटायला जगाला सतरा वर्षे आणि ऐंशी जीव लागले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडातल्या आर्मा या गावाहून रविवारच्या धर्मशाळेतली मुले आणि त्यांचे आईबाप समुद्रकाठी सहलीला निघाले. पंधरा डबे. विनातिकीट कोणी चढू नये म्हणून दारांना बाहेरून कुलपे. पुढे ७५ फुटांना एक फूट चढ लागला, आणि माथा जवळ आला असता इंजिन थकले. त्या गाडीचा ब्रेक जुन्या पद्धतीचा, म्हणजे इंजिनाशी जोडलेला असेपर्यंतच चालणारा होता. पुढचे पाच डबे आधी वर न्यावेत आणि मागचे दहा तिथेच ठेवावेत, असे ठरले. जोड सोडला, आणि त्या क्षणी मागच्या दहा डब्यांना उरला तो फक्त शेवटच्या डब्यातला हातब्रेक. चाकांखाली दगड लावले. इंजिन पुढे निघताना किंचित मागे सरकले, डब्यांना धक्का बसला, दगड चुरले. दहा डबे उतारावरून मागे पळू लागले. खालून दुसरी गाडी येत होती.

मेलेल्यांत लहान मुले पुष्कळ होती. ब्रिटिश पार्लमेंट एरवी रेल्वे कंपन्यांच्या खर्चाचा फार विचार करी, पण या वेळी तिने तीन महिन्यांच्या आत कायदा केला, की उतारूंच्या प्रत्येक गाडीला सर्व डब्यांना लागणारा आणि जोड तुटताच आपोआप लागणारा ब्रेक असलाच पाहिजे. अमेरिकेने तसा कायदा १८९३ साली केला. भारतीय रेल्वेनेही विसाव्या शतकात बराच काळ हेच तत्त्व निर्वात ब्रेकच्या रूपाने वापरले आणि पुढे हवेचा ब्रेक घेतला. डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबते ती याच तत्त्वावर. आपण ब्रेक ओढत नाही, नळीचे तोंड उघडतो.

आता आमच्या मिस्त्रीकडे परत येऊ. त्याने ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले. आत काळपट, चहासारखे काही होते. "काका, यात काय ओततुया?" मामा गप्प. मग म्हणाले, "संपलं व्हतं, तर इंजिन ऑइल घातलं थोडं." मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

मोटारीचा ब्रेक हवेने नव्हे, द्रवाने चालतो. बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच पंडिताचा नियम शाळेत असतोच. त्याचा उपयोग गाडीच्या चारही चाकांना सारखा ब्रेक लावण्यासाठी करावा, हे माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने मनावर घेतले. १९२१ साली ड्यूझेनबर्ग कंपनीच्या मोटारीने फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकली तेव्हा तिला हेच ब्रेक होते. तोपर्यंत तारा आणि दांड्या यांनी ब्रेक ओढत, आणि त्या चारही चाकांना सारख्या ताणून ठेवणे ही डोकेदुखी असे. द्रवाने ती गेली. पॅडल, मास्टर सिलिंडर, नळ्या, प्रत्येक चाकाशी एक छोटा सिलिंडर. बस, एवढाच पसारा.

या पसाऱ्यात काय बिघडते ते पास्कलचा नियम ध्यानात ठेवला तर कोणालाही ओळखता येईल. द्रव दबत नाही, हवा दबते. म्हणून पॅडल स्पंजासारखे मऊ लागले, दोनतीनदा मारल्यावर ब्रेक लागू लागला, तर नळीत हवा शिरली आहे. मिस्त्री ज्याला एअर काढणे म्हणतो ते करून घ्यावे. पॅडलवर पाय स्थिर ठेवला आणि ते हळूहळू खाली जात राहिले, तर कुठे तरी गळते आहे. चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरमधले रबर गेले. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते, म्हणजे एका चाकाचा ब्रेक लागतो आणि समोरच्याचा लागत नाही. लायनरवर ग्रीस आले असेल, किंवा सिलिंडर गंजून अडकला असेल. आमचा मागचा डावा सिलिंडर असाच अडकला होता, म्हणजे टेंपो कित्येक दिवस तीन चाकांवर थांबत होता. आणि लोखंडावर लोखंड घासल्याची करकर आली, तर लायनर किंवा पॅड संपले. त्यानंतर गाडी वापरणे म्हणजे ड्रम नाही तर डिस्क खाणे.

इंजिन ऑइलचे म्हणाल, तर ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल आहे. ते निराळे रसायन. खनिज तेल त्यात गेले की आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा सडते. ब्रेक ऑइलला स्वतःचाही एक दुर्गुण आहे. ते मिठासारखे हवेतली ओल शोषते. डॉट-३ प्रतीचे ऑइल कोरडे असताना २०५ अंशांना उकळते, ओल शिरल्यावर त्याची हमी १४० अंशांपुरतीच उरते. कोकणातला पावसाळा, वर घाटातला ताप. ऑइल उकळले की वाफ झाली, आणि वाफ दबते. पॅडल थेट जमिनीला टेकते. म्हणून ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे, आणि फोडलेला डबा फळीवर ठेवून वर्षभर पुरवू नये.

आणि आता जे सांगायचे ते मला स्वतःला वाचताना धक्का देऊन गेले. एवढा सुबक हा द्रवाचा ब्रेक, पण तो कोणत्या जातीचा? वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या जातीचा, १८७२ च्या नव्हे. नळी फुटली तर तो लागत नाही. आर्मामध्ये जो दोष ऐंशी माणसे खाऊन गेला, तोच दोष पोटात घेऊन आपल्या जीपा, टेंपो आणि मोटारी धावतात. यावर उपाय झाला तो अर्धा. १९६० नंतरच्या दशकात मास्टर सिलिंडरचे दोन भाग करून दोन चाकांना एक नळी आणि दोन चाकांना दुसरी अशी विभागणी रूढ झाली, म्हणजे एक फुटली तरी दुसरी राहते. मोठ्या ट्रकांनी आणि बसगाड्यांनी मात्र पुरा धडा घेतला. त्यांच्या उभ्या राहण्याच्या ब्रेकात दणकट स्प्रिंग असते. स्प्रिंग चाक आवळते आणि हवा ते सोडवते. हवा गळाली तर गाडी जागच्या जागी जखडते. रस्त्यात ट्रक जॅम झाला म्हणून मागचे लोक शिव्या देतात. पण ती गाडी घाटात सुटण्याऐवजी जखडली, हे वेस्टिंगहाउसचे उपकार. लहान गाडीला ती सोय नाही, म्हणून तिची डबी, नळ्या आणि चाकांची आतली बाजू माणसालाच पाहावी लागते.

चाके जखडण्यावरून आणखी एक आठवले. जोरात ब्रेक मारून चाके थांबवली की गाडी लवकर थांबते, अशी पुष्कळांची समजूत असते. १८७८ साली इंग्लंडात कॅप्टन डग्लस गॅल्टन याने वेस्टिंगहाउसच्या मदतीने रेल्वेगाडीवर प्रयोग केले आणि उलटेच दाखवून दिले. फिरत्या चाकाला ब्रेक असताना जी रोधशक्ती मिळते, ती चाक पुरते थांबून घसरू लागताच एकदम घटते. बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ साली, चाक जखडू न देणारी विजेरी यंत्रणा जर्मनीतल्या मर्सिडीज मोटारीत बसू लागली. आपल्याकडे १२५ सी. सी. वरील दुचाकींना ती २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. जिच्यात ती नाही अशा मोटारसायकलवर पावसात फक्त पुढचा ब्रेक कचकन दाबणाऱ्या तरुणांनी गॅल्टनची आठवण ठेवावी.

शेतकरी श्रोत्यांसाठी ट्रॅक्टरचे दोन शब्द. ट्रॅक्टरला ब्रेकची पॅडले दोन, डाव्या चाकाला एक आणि उजव्याला एक. शेतात वळताना एकच दाबायचे असते. पण रस्त्यावर येताना ती दोन्ही कडीने जोडलीच पाहिजेत. न जोडता घाईत एकच पॅडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो. आणि मागे उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उताराला पुढचा ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचा दहाबारा टन ऊस त्याला ढकलतो. बोरघाटात १८६३ साली निदान मधल्या डब्यांत ब्रेक फिरवणारी माणसे तरी बसत. गळिताच्या हंगामात रात्री रस्त्याने जाताना मला हे फार आठवते.

मामा अजून टेंपो चालवतात. गेल्या पावसाळ्याच्या आधी पुन्हा त्यांच्याबरोबर तोच घाट उतरायचा योग आला. घाटमाथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेऊन पुरती थांबवली. पॅडल दोनदा दाबून पाहिले, खाली उतरून चारही चाकांच्या आत डोकावले, वर चढून दुसरा गिअर टाकला. इंजिन घुरघुरत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, डिझेलचं तेवढं तुमच्याकडनं घेणार."

खाली पोचल्यावर मी ते दिले.